हॉटलिंकिंग रोखणारा नियम लावूनही चित्रे बाहेरून वापरली जात असतील तर

मी सांभाळत असलेल्या एका संकेतस्थळावर हॉटलिंकिंगची तक्रार आजवर तीनदा आली आणि तिन्ही वेळा तिचे कारण वेगळे निघाले. हे संकेतस्थळ मराठी पाककृतींचे आहे. त्यावरची छायाचित्रे मालकीणबाईंनी स्वतः काढलेली आहेत, आणि दर वर्षी गणेश चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या उकडीच्या मोदकांचे एक छायाचित्र शुभेच्छा-चित्रे देणाऱ्या कुठल्या कुठल्या पानांवर झळकू लागते. पहिल्या वर्षी कोणताही बंदोबस्त नव्हता, म्हणून नियम लावला. दुसऱ्या वर्षी नियम जागेवर होता, तरी बँडविड्थ (होस्टिंगने ठरवून दिलेली माहिती पाठवण्याची मर्यादा) संपली, कारण मधल्या काळात सगळी चित्रे वेबपी या प्रकारात बदलली होती आणि नियमाला तो प्रकार ठाऊकच नव्हता. तिसऱ्या वर्षी प्रकारही बरोबर होता, परंतु होस्टिंग कंपनीने सर्व्हरची रचना बदलली होती आणि चित्राची मागणी त्या नियमापर्यंत पोहोचतच नव्हती. एकदा मिटलेली तक्रार पुन्हा उभी राहते तेव्हा नियमात नेमके काय तपासावे, यासाठी हे लेखन आहे.

हॉटलिंकिंग म्हणजे दुसऱ्याने आपले चित्र उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर न ठेवता, आपल्या चित्राचा पत्ताच स्वतःच्या पानात लिहिणे. पान त्याचे, वाचक त्याचा, जाहिरातही त्याची. चित्र मात्र प्रत्येक वाचकागणिक आपल्या सर्व्हरवरून जाते आणि त्याचा खर्च आपल्या खात्यावर पडतो. साडेतीनशे किलोबाइटचे एक छायाचित्र दिवसातून वीस हजार वेळा मागवले गेले, तर सात गिगाबाइट माहिती एका दिवसात बाहेर जाते. स्वस्त सामायिक होस्टिंगवर मासिक मर्यादा ठरलेली असेल, तर सणाच्या चार-पाच दिवसांत ती सहज ओलांडली जाते, आणि मग होस्टिंग कंपनी आपल्याच वाचकांसाठी संकेतस्थळ बंद ठेवते.

यावरचा प्रचलित उपाय एका हेडरवर, म्हणजे मागणी किंवा उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीवर, उभा आहे. ब्राउझर एखादे चित्र मागतो तेव्हा ते कोणत्या पानासाठी मागत आहे हे 'रेफरर' नावाच्या हेडरमधून कळवतो. सर्व्हरवरचा नियम तीन गोष्टी पाहतो: मागणी चित्राची आहे का, रेफरर रिकामा आहे का, आणि रिकामा नसेल तर तो आपल्या डोमेनचा आहे का. चित्राची मागणी परक्या डोमेनवरून आलेली असेल, तर सर्व्हर ४०३ म्हणजे 'मनाई' असे उत्तर देतो. अपाची आणि एनजिनएक्स ही सर्व्हर चालवणारी दोन प्रचलित सॉफ्टवेअरे. अपाचीमध्ये हे काम मोड-रीराइट या भागाच्या दोन अटी आणि एक नियम मिळून करतात. एनजिनएक्समध्ये त्यासाठी वैध रेफररांची यादी देणारी स्वतंत्र सूचनाच आहे. तयार नियम जालावर शेकड्यांनी मिळतात, त्यामुळे येथे मी तो जसाच्या तसा न देता त्याचे वागणे शब्दांत मांडतो. बिघाड शोधताना तेच अधिक उपयोगी पडते.

आधी लॉग, मग नियम

तक्रार आल्याबरोबर नियमाची फाइल उघडून त्यात फेरफार करण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि प्रथम सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडावा. अपाची आणि एनजिनएक्स या दोघांच्याही 'कम्बाइंड' पद्धतीच्या लॉगमध्ये प्रत्येक मागणीच्या ओळीत उत्तराचा क्रमांक, पाठवलेले बाइट, रेफरर आणि मागणाऱ्याचे नाव म्हणजे यूजर-एजंट ही चारही माहिती असते. केवळ चित्रांच्या ओळी वेगळ्या काढाव्यात, त्या रेफररनुसार गटांत मांडाव्यात आणि प्रत्येक गटातील बाइटांची बेरीज करावी. ओळींची संख्या मोजून भागत नाही. एखादे पान आपले पाच किलोबाइटचे बोधचिन्ह दहा हजार वेळा मागवते आणि दुसरे पान दोन मेगाबाइटचे मूळ छायाचित्र हजार वेळाच मागवते, तेव्हा खरे नुकसान दुसऱ्या पानामुळे होत असते.

ही मांडणी समोर आली की प्रश्न तीन वाटांपैकी एका वाटेवर येतो. परक्या डोमेनचा रेफरर दिसत आहे आणि तरीही उत्तर २०० म्हणजे 'यशस्वी' असे आहे, म्हणजे नियम चालतच नाही. बाइट भरपूर जात आहेत, परंतु रेफररच्या जागी नुसती आडवी रेघ आहे, म्हणजे नियम चालतो पण त्याला फसवले जात आहे. आणि लॉगमध्ये चित्रांच्या मागण्या जवळजवळ नाहीतच, मात्र होस्टिंगच्या किंवा सीडीएनच्या (प्रती साठवून त्या वाचकांना देणाऱ्या मधल्या सर्व्हरांच्या जाळ्याच्या) तक्त्यात बँडविड्थ वाढलेली दिसते, म्हणजे चित्रे आपण समजतो त्या जागेवरून जातच नाहीत. या तीन वाटांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत, म्हणून आपण कोणत्या वाटेवर आहोत हे ठरवण्यापूर्वी नियमाला हात लावू नये.

यूजर-एजंटही पाहून घ्यावा. शोधयंत्रांचे चित्र गोळा करणारे बॉट आणि मजकूर उपसणारे प्रोग्राम हेही बँडविड्थ खातात. परंतु ते हॉटलिंकिंग नव्हे, आणि रेफररच्या नियमाने ते थांबणारही नाहीत.

परका रेफरर दिसतो, तरी उत्तर २००

ही वाट सर्वाधिक आढळते आणि तिच्यावर अडखळण्याच्या जागाही सर्वाधिक आहेत.

पहिली जागा स्पेलिंगची आहे आणि तिच्यामागे थोडा इतिहास आहे. इंग्रजीत 'रेफरर' या शब्दात मध्ये दोन 'आर' येतात. परंतु एचटीटीपीचा आराखडा ठरताना त्यातला एक गळला आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात ते चुकीचे स्पेलिंगच कायम झाले. त्यामुळे हेडरच्या नावात आणि अपाची व एनजिनएक्स यांच्या चलांमध्ये मधला 'आर' एकच लिहावा लागतो. नंतर आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' या हेडरमध्ये मात्र शुद्ध स्पेलिंग वापरले आहे, म्हणजे तिथे दोन 'आर' हवेत. कोणी शुद्धलेखनाच्या सवयीने अपाचीच्या अटीत दोन 'आर' लिहिले, तर सर्व्हर तक्रार करत नाही. त्या नावाचे चल नेहमी रिकामे निघते, रिकाम्या रेफररला नियमात सूट असते आणि नियम कोणालाही कधीच अडवत नाही. चूक लिहिणाऱ्याच्या डोळ्याला ती दिसत नाही, म्हणून ही ओळ दुसऱ्याकडून वाचून घ्यावी.

दुसरी जागा चित्रांच्या प्रकारांची. सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-पॅनेलमधील हॉटलिंक-संरक्षणाच्या पानावर जेपीजी, जेपेग, जिफ, पीएनजी आणि बीएमपी हे प्रकार आधीपासून भरलेले असतात, आणि अनेकजण ते न बदलता बटण दाबतात. वर्डप्रेसने २०२१ मधील ५.८ या आवृत्तीपासून वेबपी आणि २०२४ मधील ६.५ या आवृत्तीपासून एव्हीआयएफ स्वीकारायला सुरुवात केली. चित्रे हलकी करणारी प्लगइनेही आता बहुतेक वेबपीच तयार करतात. क्लाउडफ्लेअर या सीडीएन सेवेच्या तयार हॉटलिंक-संरक्षणातही जिफ, आयको, जेपीजी, जेपेग आणि पीएनजी एवढेच प्रकार धरलेले आहेत, त्यामुळे वेबपीसाठी तेथे स्वतंत्र नियम लिहावा लागतो. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींची विस्तारनामे पुष्कळदा मोठ्या लिपीतील अक्षरांत असतात. अपाचीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न पाळण्याची खूण नियमाला जोडलेली नसेल, तर त्याही सुटतात.

तिसरी जागा म्हणजे नियम लिहिलेल्या फाइलीची. वर्डप्रेस आपल्या एचटीॲक्सेस फाइलीत (फोल्डरसाठी अपाचीचे नियम लिहिण्याच्या फाइलीत) आरंभ आणि शेवट अशा दोन खुणांच्या मधला भाग स्वतःचा मानते आणि कायमदुव्यांची (पर्मालिंकची) मांडणी जतन केली की तो भाग नव्याने लिहिते. आपला नियम त्या दोन खुणांच्या आत पडला असेल, तर तो एके दिवशी गुपचूप नाहीसा होतो. नियम नेहमी आरंभाच्या खुणेच्या वर ठेवावा. त्याशिवाय, एखाद्या सुरक्षा-प्लगइनाने अपलोड फोल्डरमध्ये वेगळी एचटीॲक्सेस फाइल तयार केली असेल आणि तिच्यात रीराइट सुरू करण्याची ओळ असेल, तर अपाची वरच्या फोल्डरमधील रीराइटचे नियम त्या फोल्डरला लावत नाही. ते वारशाने मिळावेत असे वेगळे सांगावे लागते, नाहीतर नियमाची प्रत त्या खालच्या फाइलीतच ठेवावी लागते.

चौथी जागा मला तिसऱ्या वर्षी भेटली. तिच्यात मी दोन दिवस घालवले, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. पुष्कळ होस्टिंग कंपन्या अपाचीच्या पुढे एनजिनएक्स उभे करतात. वाचकाची मागणी आधी एनजिनएक्सकडे येते. पीएचपीचे पान असेल तर ते अपाचीकडे पाठवले जाते, आणि चित्र, शैलीपत्रक किंवा स्क्रिप्ट असेल तर एनजिनएक्स ते डिस्कवरून उचलून स्वतःच देऊन टाकते. एनजिनएक्सला एचटीॲक्सेस हा प्रकारच ठाऊक नाही. त्यामुळे फाइल निर्दोष, नियम निर्दोष, आणि तरीही चित्राच्या मागणीशी त्याची गाठ कधीच पडत नाही. हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे: एचटीॲक्सेस फाइलीची प्रत बाजूला ठेवून तिच्यात जाणूनबुजून एक निरर्थक ओळ लिहावी आणि चित्राचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट उघडावा. अपाचीने फाइल वाचली असती, तर ५०० या क्रमांकाची त्रुटी आली असती. चित्र निमूटपणे उघडले, तर ते अपाचीकडून आलेले नाही. ही चाचणी गर्दीच्या वेळी करू नये, कारण संकेतस्थळाची बाकीची पाने तेवढा वेळ बंद पडतात. माझ्या बाबतीत चित्र उघडले, पाने पडली आणि उलगडा झाला. त्यानंतर होस्टिंगच्या मदतकक्षाला लिहून नियम एनजिनएक्सच्या मांडणीत घालून घ्यावा लागला.

एनजिनएक्समध्येही एक खोच आहे. नियमित पदावलीवर (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर जुळवून पाहण्याचा नमुना) आधारलेले 'लोकेशन' गट फाइलीतील क्रमानेच तपासले जातात आणि पहिला जुळणारा गट मागणी घेऊन जातो. होस्टिंगच्या नियंत्रण-पॅनेलने चित्रांच्या कॅशेसाठी (साठवून ठेवायच्या प्रतींसाठी) आधीच एक गट लिहिलेला असेल आणि आपला गट त्याच्या खाली असेल, तर आपल्या गटाची पाळी येत नाही. तपासणी त्या आधीच्या गटातच घालावी.

शेवटी पदावलीची अचूकता. डोमेनच्या नावातील टिंब हे पदावलीत 'कोणतेही एक अक्षर' असा अर्थ देते, म्हणून त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ हवी. आणि नाव संपल्यावर तिरपी रेघ किंवा ओळीचा शेवटच यावा अशी अट हवी, नाहीतर आपल्या डोमेनच्या नावाला पुढे शेपूट जोडून तयार केलेले परके डोमेनही आपलेच ठरते. डोमेन देवनागरीत असेल, म्हणजे शेवटी .भारत असेल, तर रेफररमध्ये देवनागरी अक्षरे येत नाहीत. ब्राउझर तेथे प्युनीकोडमधील रोमन रूप पाठवतो. नियमात देवनागरी नाव लिहिले, तर आपलीच चित्रे आपल्याच पानावर दिसेनाशी होतात.

रेफररच्या जागी आडवी रेघ

रिकाम्या रेफररला सूट द्यावी लागते, कारण तो पाठवणारे सगळे चोर नसतात. चित्राचा पत्ता थेट उघडणारा वाचक, काही कार्यालयांतील प्रॉक्सी, मोबाइल ॲप, ईमेल वाचण्याची साधने आणि दुव्याची झलक तयार करणारी व्हॉट्सॲपसारखी माध्यमे यांच्याकडून रेफरर सहसा येत नाही. रिकाम्यालाही अडवले, तर पाककृतीचा दुवा कुटुंबाच्या गटात टाकल्यावर मोदकांऐवजी कोरी चौकट दिसू लागते, आणि ही तक्रार मूळ तक्रारीपेक्षा लवकर येते.

या सुटीचा फायदा घेणे मात्र फार सोपे आहे. चित्राच्या टॅगमध्ये रेफरर पाठवू नये असा एक गुणधर्म लिहिला, किंवा पूर्ण पानालाच तशी रेफरर-पॉलिसी दिली, की त्या पानावरून येणारी प्रत्येक मागणी रिकाम्या रेफररची होते. काही संकेतस्थळे हे हेतुपुरस्सर करतात, तर काही आपल्या वाचकांच्या खासगीपणासाठी करतात. आपल्या सर्व्हरवरचा भार दोन्हींत सारखाच असतो. याबाबत एक गैरसमज आढळतो. क्रोमने ८५व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२० पासून आणि फायरफॉक्सने ८७व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२१ पासून परक्या डोमेनकडे पानाचा पूर्ण पत्ता न पाठवता नुसते डोमेन पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे हॉटलिंकचे नियम निकामी झाले असे काही जण समजतात. पण नियमाला डोमेनच पुरते, म्हणून तो शाबूत आहे. अडचण एवढीच की आपले चित्र कोणत्या पानावर वापरले आहे ते लॉगमधून कळत नाही आणि शोधावे लागते.

रिकाम्या रेफररवर आज हाताशी असलेला चांगला उपाय म्हणजे 'सेक-फेच' या नावाने सुरू होणारे हेडर. क्रोमने २०१९ मध्ये, फायरफॉक्सने २०२१ मध्ये आणि सफारीने २०२३ मध्ये ते पाठवणे सुरू केले. त्यांतील 'सेक-फेच-साइट' हे मागणी त्याच संकेतस्थळावरून आली की परक्या, ते सांगते. 'सेक-फेच-डेस्ट' हे मागितलेली वस्तू चित्र म्हणून पानात बसवायची आहे की स्वतंत्र पान म्हणून उघडायची आहे, ते सांगते. हे हेडर ब्राउझर स्वतः लावतो. पानावरच्या स्क्रिप्टला किंवा टॅगला ते बदलता येत नाहीत आणि रेफरर-पॉलिसीचाही त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणून जुन्या नियमाला अशी जोड द्यावी: रेफरर रिकामा आहे, साइट परकी आहे आणि वस्तू चित्र म्हणून बसवायची आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच मनाई करावी. थेट पत्ता उघडणाऱ्या वाचकाची मागणी चित्र म्हणून नोंदली जात नाही, व्हॉट्सॲपची झलक ब्राउझरमधून येत नसल्याने तिच्यात हे हेडर नसतात, आणि जुन्या ब्राउझरांतही ते नसतात. हे तिघेही विनाअडथळा सुटतात. अपाचीत या अटी एकाखाली एक लिहिल्या की त्या आपोआप 'आणि'ने जोडल्या जातात. एनजिनएक्सच्या 'इफ'ला दोन अटी जोडता येत नाहीत, म्हणून तेथे 'मॅप' वापरून तिन्ही मूल्ये एका चलात एकत्र करावी लागतात. हे हेडर फक्त सुरक्षित जोडणीवर येतात, म्हणून चित्रे अजून साध्या एचटीटीपीवरून उघडत असतील, तर ती आधी एचटीटीपीएसकडे वळवावीत.

याच संदर्भात 'क्रॉस-ओरिजिन-रिसोर्स-पॉलिसी' या हेडरचे नाव पुढे येते. ते उत्तरासोबत पाठवले, तर ब्राउझर परक्या पानावर चित्र दाखवत नाही, आणि दुसऱ्याच्या पानावर आपले चित्र दिसू नये एवढाच हेतू असेल, तर ते पुरेसे आहे. परंतु हा निर्णय ब्राउझर उत्तर हाती आल्यावर घेतो. सर्व्हरने चित्र पाठवायला सुरुवात केलेली असते, म्हणून बँडविड्थ वाचवण्यासाठी त्यावर विसंबू नये.

लॉगमध्ये मागण्याच नाहीत

येथे मूळ सर्व्हर आणि वाचक यांच्यामध्ये सीडीएन बसलेले असते. आपल्या पानावरच्या वाचकाने चित्र मागितले, मूळ सर्व्हरने रेफरर तपासून ते दिले आणि सीडीएनने त्याची प्रत ठेवली. त्यानंतर परक्या पानावरून मागणी आली, तरी सीडीएन ठेवलेली प्रत देते आणि मूळ सर्व्हरला विचारतही नाही. उलट घडले तर आणखी वाईट. पहिली मागणी परक्या पानावरून आली आणि सर्व्हरने मनाईच्या ऐवजी 'चित्र चोरू नका' असे बदली चित्र २०० या क्रमांकाने पाठवले, तर सीडीएन तेच खरे चित्र म्हणून साठवते आणि आपल्या वाचकांना आपल्याच पानावर ती सूचना दिसते. रेफररनुसार वेगवेगळ्या प्रती ठेवायला सीडीएनला सांगता येते, पण मग प्रत्येक परक्या डोमेनसाठी नवी प्रत तयार होऊन कॅशेचा उपयोग संपतो. तपासणी सीडीएनच्या पातळीवरच, म्हणजे साठवलेली प्रत देण्याच्या आधी झाली पाहिजे. क्लाउडफ्लेअरच्या तयार सोयीत 'हॉटलिंक-ओके' असे नाव दिलेल्या फोल्डरमधील चित्रांना सूट मिळते. मुद्दाम खुली ठेवायची चित्रे तेथे ठेवता येतात.

चित्रे ॲमेझॉनच्या एसथ्रीसारख्या साठ्यात असतील, तर एक गोष्ट जरूर पाहावी: सीडीएनवर नियम लावला, पण साठा मुळात सार्वजनिक ठेवला, तर हॉटलिंक करणारा साठ्याचा थेट पत्ता वापरतो. साठा बंद करून केवळ सीडीएनला वाचण्याचा अधिकार द्यावा. विकत देण्याची छायाचित्रे असतील, तर मुदतीचे सहीयुक्त पत्ते हा पक्का मार्ग आहे. पाककृतींच्या चित्रांसाठी मी तो सुचवणार नाही, कारण पत्ता सतत बदलत राहिला की शोधयंत्रांच्या चित्रशोधातून चित्र बाहेर पडते.

आपलीच चित्रे गायब होतात तेव्हा

नियम लावल्यावर येणारी दुसरी नित्याची तक्रार ही. रिकामा रेफरर अडवला असेल आणि एखाद्या सुरक्षा-प्लगइनाने आपल्या संकेतस्थळाला 'रेफरर पाठवू नये' अशी पॉलिसी लावली असेल, तर आपल्या पानांवरून येणाऱ्या मागण्याही अनोळखी ठरतात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना अशी डोमेनची दोन्ही रूपे यादीत हवीत, तसेच चाचणीसाठी ठेवलेले उपडोमेनही. पान गूगल ट्रान्सलेटमधून वाचले जाते तेव्हा ते गूगलच्या भाषांतर-डोमेनवर उघडते आणि रेफररही त्या डोमेनचा येतो. परदेशात वाढलेल्या नातवंडांनी आजीची पाककृती इंग्रजीत वाचावी असे वाटत असेल, तर ते डोमेन यादीत घालावे. वेबवरचे फीड-वाचकही असेच यादीत घालावे लागतात.

गूगलच्या चित्रशोधाबाबत मात्र नीट विचार करावा. गूगलच्या डोमेनवरून आलेल्या मागण्या अडवाव्यात की नाही, हा मालकाचा प्रश्न आहे. चित्रशोधात आपले मूळ आकाराचे चित्र आपल्या सर्व्हरवरून दाखवले जाऊ नये असे वाटत असेल, तर गूगलने त्यासाठी स्वतःच एक पद्धत सांगितली आहे: गूगलच्या डोमेनचा रेफरर असलेल्या मागणीला २०० किंवा २०४ हे उत्तर रिकाम्या मजकुरासह द्यावे. बॉटला चित्र नेहमीप्रमाणे दिसत राहते आणि लघुचित्रही शोधात राहते. मी स्वतः गूगलला पूर्ण मोकळीक देतो, कारण पाककृतींचे वाचक चित्रावरूनच पानावर येतात.

अडवल्यावर परत काय पाठवावे

कोरे ४०३ हे सर्वांत स्वस्त उत्तर आहे. त्यातही एक सापळा आहे. संकेतस्थळाला सजवलेले त्रुटी-पान असेल आणि ते वर्डप्रेस तयार करत असेल, तर अडवलेल्या प्रत्येक चित्रामागे पीएचपी आणि डेटाबेस जागे होतात. बँडविड्थ वाचते आणि सर्व्हर बसतो. चित्रांसाठीच्या मनाईला एका ओळीचे साधे उत्तर जोडावे.

बदली चित्र पाठवायचेच असेल, तर ते दोन-चार किलोबाइटचे असावे, त्याच्या कॅशेची मुदत शून्य असावी, आणि त्याचा पत्ता नियमातून वगळलेला असावा. तो वगळला नाही, तर बदली चित्राची मागणीही परक्या पानावरूनच आलेली ठरते, तीही बदली चित्राकडेच वळवली जाते आणि ब्राउझर त्या फेऱ्यात अडकून पडतो. २००७ साली अमेरिकेत सिनेटर जॉन मॅकेन यांच्या मायस्पेस या समाजमाध्यमावरील पानाने न्यूजवाइन या बातम्यांच्या संकेतस्थळाचे माइक डेव्हिडसन यांच्या सर्व्हरवरचे चित्र हॉटलिंक केले होते. डेव्हिडसन यांनी ते चित्र बदलून त्या जागी मॅकेन यांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा दिल्याची खोटी घोषणा लावली आणि ती त्यांच्याच पानावर झळकली. हा किस्सा सांगायला छान आहे, पण अनुकरणाला नाही. आपला पत्ता वापरणारा शाळेचा विद्यार्थीही असू शकतो, आणि ओंगळ चित्र ज्याच्या डोळ्यांसमोर येते तो वाचक तर निरपराधच असतो.

पत्र लिहून चित्र काढून घेण्याचा मार्गही खुला आहे आणि छोट्या संकेतस्थळांच्या बाबतीत तो पुष्कळदा चालतो. कायद्याची वाट तेवढी सरळ नाही, कारण हॉटलिंक करणाऱ्याने प्रत केलेलीच नसते. अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने २००७ मध्ये परफेक्ट टेन विरुद्ध ॲमेझॉन या खटल्यात चित्र कोणाच्या सर्व्हरवर आहे हाच निकष धरला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मात्र मार्च २०२१ मध्ये असा निर्णय दिला की हक्कधारकाने चित्र दुसऱ्या पानात बसवण्याविरुद्ध तांत्रिक बंदोबस्त केला किंवा करायला लावला असेल, तर तो चुकवून ते बसवणे हे जनतेपर्यंत पोहोचवण्यात मोडते आणि त्यासाठी परवानगी लागते. रेफररचा नियम तोडका असला तरी तो लावलेला असण्याचा असाही उपयोग आहे.

चाचणी

आपल्याच ब्राउझरमध्ये तपासू नये, कारण चित्र आधीच त्याच्या कॅशेत असते आणि मनाई झाली तरी ते दिसते. कर्ल या साधनाला हवा तो रेफरर देता येतो. त्याने प्रत्येक चित्रासाठी तीन मागण्या कराव्यात: एक आपल्या डोमेनच्या रेफररने, एक रेफररविना आणि एक परक्या डोमेनच्या रेफररने. पहिल्या दोहोंना २०० आणि तिसऱ्याला ४०३ यावे. चौथी मागणी रेफररविना, पण परकी साइट आणि चित्र असे सांगणारे सेक-फेच हेडर लावून करावी; तिलाही ४०३ यावे. हे सगळे जेपीजीच्या आणि वेबपीच्या एकेका फाइलीवर करावे, आणि सीडीएन असेल तर उत्तरातील कॅशेची खूण पाहून, आधीच साठवलेल्या चित्रावर पुन्हा करावे.

त्यानंतर आठवड्याने लॉगमधून ४०३ मिळालेल्या चित्रांच्या मागण्याच वेगळ्या काढाव्यात. तिसऱ्या वर्षी मी ती यादी काढली, तेव्हा मोदकांच्या छायाचित्राखालोखाल सर्वाधिक अडवलेली फाइल म्हणजे मालकीणबाईंच्या स्वतःच्या ईमेल-वार्तापत्राचे शीर्षचित्र होते. त्यांचे काही वर्गणीदार ब्राउझरमधून ईमेल वाचत होते, त्यांची ईमेल-सेवा रेफरर लपवत होती, आणि सेक-फेचच्या नव्या अटीने त्या चित्राला परके ठरवले होते. वार्तापत्राची चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली आणि तो फोल्डर नियमातून वगळला.